ओळखीची एक मुलगी

त्या दिवशी तिच्या नाकावर चष्मा असता, तर ही गोष्ट घडलीच नसती.

रुग्णालयाच्या त्वचारोग विभागाच्या अगदी टोकाला, औषधांच्या खिडकीला लागून, तिची एक छोटीशी खोली होती. एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीवर माणसाच्या कातडीचे थर दाखवणारं एक जुनं, कोपऱ्यात दुमडलेलं चित्र. डॉक्टरांनी औषध लिहून दिलं की पेशंटनं आधी या खोलीत यायचं. औषध कसं घ्यायचं, त्यानं काय त्रास होऊ शकतो, कशाला घाबरायचं आणि कशाला घाबरायचं नाही, हे सगळं ती समजावून सांगायची. आणि तिचा एक नियम होता. सांगून संपलं की ती दोन्ही हात टेबलावर ठेवायची आणि म्हणायची, "आता तुम्ही मला पुन्हा सांगा. तुमच्या शब्दांत." पेशंटनं स्वतःच्या तोंडून पुन्हा सांगितल्याशिवाय कार्डावर तिची सही व्हायची नाही, आणि सही नसेल तर शेजारच्या खिडकीतून औषध मिळायचं नाही. त्यामुळे शिपायापासून मोठ्या डॉक्टरीणबाईंपर्यंत सगळे तिला 'पुन्हाताई' म्हणायचे. तिलाही आता दुसऱ्या नावानं कुणी हाक मारली तर पटकन ओ द्यायला सुचत नसे.

तर त्या दिवशी ती चहा पिऊन खोलीत परतली तेव्हा पेशंटच्या खुर्चीत एक तिशीतला तरुण बसलेला होता. मांडीवर फाईल, चेहऱ्यावर शहाण्या मुलासारखा भाव. तिनं फाईल घेतली, उघडली, डोळ्यांजवळ नेली, मग हातभर लांब धरली. अक्षरं मुंग्यांसारखी इकडून तिकडे पळत होती. गेलं वर्षभर ती अशा वेळी जे करत होती तेच तिनं केलं. काही तरी फार महत्त्वाचं वाचल्यासारखी मान डोलावली आणि फाईल मिटून टाकली.

"हे बघा," ती म्हणाली, "हा आजार संसर्गाचा नाही. तुमच्यामुळे कुणाला होणार नाही. पण तो मुक्कामाला आलेल्या पाहुण्यासारखा असतो. जातो जातो म्हणतो आणि दारातून परत फिरतो."

"अहो, पण मी—"

"प्रश्न शेवटी. ही गोळी आठवड्यातून एकच दिवस. रोज नाही. दिवस ठरवायचा आणि कॅलेंडरवर खूण करायची. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतेल. दुसरी ही पिवळी गोळी, व्हिटॅमिनची, ती वेगळ्या दिवशी. गोळीच्या दुसऱ्या दिवशी मळमळेल, गळून गेल्यासारखं वाटेल. तोंडात फोड आले, ताप आला, दम लागला, तर थांबायचं नाही, लगेच यायचं. रक्ताची तपासणी चुकवायची नाही. दारू घेता?"

"नाही."

"उत्तम. लग्न?"

तरुणानं एकदा दाराकडे पाहिलं. "नाही झालं."

"ठरलंय?"

"अजून तरी... नाही."

"ठरेल तेव्हा होणाऱ्या बायकोला या गोळीबद्दल आधी सांगायचं. गोळी चालू असताना मूल होऊ द्यायचं नाही. हवं असेल तेव्हा डॉक्टरांशी बोलायचं, मग त्या सांगतील ते. लपवायचं नाही. समजलं?"

त्याचे कान लाल झाले होते. एवढं मात्र तिला चष्म्याशिवायही दिसलं.

"आता मला पुन्हा सांगा. तुमच्या शब्दांत."

आणि त्यानं सांगितलं! एकही मुद्दा न गाळता, न अडखळता. आठवड्याची गोळी, पिवळी गोळी, मळमळ, ताप, रक्ततपासणी. "आणि लग्न ठरेल तेव्हा," शेवटी तो जरासा थांबून म्हणाला, "आधी तुम्हाला सांगायचं."

"मला नाही, बायकोला!"

"हो हो... बायकोला. चुकलो."

एवढ्यात दार धाडकन उघडलं आणि ओले हात पदराला पुसत एक उंच, ताठ बाई आत आल्या. "काय रे, मी हात धुवायला काय गेले, तू माझ्या खुर्चीत बसून माझा आजार पण घेतलास होय?"

तिचा चेहरा गोरामोरा झाला. "हे... पेशंट नाहीत?"

"हा? याला कधी साधी खरूज झाली नाही. मी याची आत्या. फाईलवर सहासष्ट वर्षं लिहिलंय, दिसलं नाही?"

दिसलं नव्हतं, हाच तर घोळ होता. तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तरुण मात्र उठून उभा राहिला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही फाईल आधी नाकाला लावलीत, मग लांब धरलीत, आणि मग मिटलीत. तुम्हाला नंबर आहे. बहुतेक सिलिंडरचा, अक्षरं पसरवणारा. माझं चष्म्याचं दुकान आहे, बसस्टॉपसमोर. कधीही या."

"मला चष्मा लागत नाही," ती म्हणाली. आणि सवयीनं तिनं दोन्ही बाजूंचे केस कानांवर ओढून घेतले.

---

लागत नाही कसा? चांगला लागत होता. पण चष्मा म्हटलं की चष्म्याची काडी आली. काडी म्हटलं की ती कानामागे बसवणं आलं. आणि कुणी तरी परका माणूस कानामागचे केस बाजूला करणार, हे तिला नको होतं. कारण तिच्या दोन्ही कानांमागे लाल, खवल्यांचे चट्टे होते. कोपरांवर होते. केसांच्या रेषेत होते. अकरा वर्षं तिला तोच आजार होता ज्याबद्दल ती रोज वीस लोकांना सांगत असे की यात लाजण्यासारखं काही नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

विभागात हे फक्त मोठ्या डॉक्टरीणबाईंना माहीत होतं. बाकी सगळ्यांना वाटायचं, हिला लांब बाह्यांची आवड आहे.

पेशंटना धीर द्यायचा तर स्वतःचा अनुभव सांगावासा वाटायचा. म्हणून तिनं एक युक्ती काढली होती. ती म्हणायची, "माझ्या ओळखीची एक मुलगी आहे..." त्या मुलीनं परीक्षेच्या वर्षी दुकानातून आणलेलं कडक मलम पावडरीसारखं थापलं आणि कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ करून घेतली. त्याच मुलीनं बहिणीच्या लग्नात मळमळ नको म्हणून कुणाला न विचारता गोळ्या बंद केल्या, आणि आजार असा उसळून आला की लग्नाच्या फोटोत ती कुठेच नव्हती. पेशंट हसायचे, हळहळायचे, आणि त्यांच्या ते पक्कं लक्षात राहायचं.

आत्याबाईंची रक्ततपासणी सुरुवातीला दर पंधरा दिवसांनी होती. आत्याबाई निवृत्त शिक्षिका. चौतीस वर्षं त्यांनी पोरांकडून धडे म्हणवून घेतले होते, आणि आता एक पोरगी त्यांच्याकडून म्हणवून घेत होती, हे त्यांना काही पचत नव्हतं. "मला पाठांतर घालतेस?" म्हणून त्या प्रत्येक वेळी भांडायच्या, आणि प्रत्येक वेळी शंभरातले शंभर मिळवून सही घेऊन जायच्या. त्यांच्या तळहातांना भेगा होत्या. वर्षानुवर्षं खडू धरला की रक्त यायचं, असं त्या सहज सांगायच्या.

सोबत तो असायचाच. आत्या रक्त द्यायला गेल्या की तो तिच्या खोलीच्या दारात रेंगाळायचा.

"पुन्हाताई, एक शंका आहे."

"विचारा."

"शंका अशी... की तुम्हाला ताई म्हणणं माझ्या अगदी जिवावर येतं."

"मग काय म्हणायचंय?"

"नुसतं पुन्हा म्हटलं तर?"

"नुसतं पुन्हा म्हटलं तर मी तुम्हाला मलमाचं माप पुन्हा विचारीन."

"बोटाच्या एका पेराएवढी रेघ, दोन तळहातांएवढ्या जागेला," तो ताबडतोब म्हणाला. "पातळ थर, रगडायचं नाही. विचारा अजून. मी रात्री आत्याच्या आधी अभ्यास करतो."

तिला हसू आवरेना. हसताना तिनं मान खाली घातली, केस पुढे आले, आणि तो तिच्याकडे बघत राहिला. तिला तो धूसरच दिसत होता, पण कुणी बघत असलेलं कळायला चष्मा लागत नाही.

कधी ते दोघं आवारातल्या बाकावर चहा घेऊन बसायचे. तो दुकानातल्या गमती सांगायचा. एक आजोबा रोज काडी ढिली झाली म्हणून येतात, खरं तर त्यांना गप्पा मारायच्या असतात. एक मुलगी लग्नाच्या आदल्या दिवशी नवऱ्याचा चष्मा बदलून घ्यायला आली, कारण जुन्यात तो तिच्या वडिलांसारखा दिसायचा. आणि मग तो हटकून विचारायचा, "तुमच्या ओळखीच्या त्या मुलीचं पुढे काय झालं?"

"कुठल्या?"

"तीच. लग्नाच्या फोटोत नसलेली."

सुरुवातीला ती उडवून लावायची. मग एकदा, आकाश भरून आलं होतं आणि बाकावर एक-दोन थेंब पडत होते तेव्हा, तिनं सांगितलं. "तिचं लग्न ठरलं होतं. चार वर्षं झाली. तिनं प्रामाणिकपणे मुलाला सगळं सांगितलं. आजाराचं पत्रकसुद्धा दिलं वाचायला. दोन दिवसांनी त्याच्या आईचा फोन आला. पत्रक फार छान लिहिलंय म्हणाल्या... पण जमणार नाही म्हणाल्या."

थेंब वाढले तरी तो उठेना.

"आणि मुलगा?" शेवटी त्यानं विचारलं.

"मुलगा काय... तो आईच्या शेजारी उभा असेल."

"मूर्ख आहे," तो म्हणाला. एवढ्या शांतपणे म्हणाला की तिला तिथं बसवेना. ती चहाचे कप घेऊन घाईघाईनं उठली.

ते पत्रक तिनंच लिहिलं होतं. विभागात अजूनही तेच वाटलं जायचं.

---

आता खरी गोम सांगायला हवी. तीन आठवड्यांपूर्वी मोठ्या डॉक्टरीणबाईंनी तिची कोपरं पाहिली होती, कानामागे पाहिलं होतं, आणि आठवड्याची गोळी पुन्हा सुरू करायला सांगितली होती. ते पाकीट टेबलाच्या खालच्या खणात होतं. न उघडलेलं.

मळमळीला ती भीत नव्हती. ती तिला तोंडपाठ होती. पण गोळी सुरू केली, म्हणजे आजार आहे हे कबूल केलं. आणि आजार आहे, तर त्याला सांगायला हवं. तिचाच नियम होता, लपवायचं नाही. सांगितलं, की त्याच्याही घरून एक फोन येईल, पत्रक फार छान लिहिलंय म्हणून. तो बाक जाईल, ती शंका विचारणारी दारातली सावली जाईल. त्यापेक्षा नकोच ती गोळी. अजून एक पंधरवडा जाऊ दे... असे दीड पंधरवडे गेले होते, आणि चट्टे आता मनगटाकडे सरकत होते. बाही लांब असूनही ती सारखी ओढून घेत असे.

त्या गुरुवारी आत्याबाई एकट्याच आल्या. त्याच्या दुकानात माल येणार होता. त्या समोर बसल्या, धडा म्हटल्यासारखं घडाघडा सगळं म्हणून दाखवलं, आणि सहीसाठी कार्ड पुढे सरकवलं. कार्ड सरकवताना हात उलटा झाला. तिनं तो धरला आणि तळहात अगदी डोळ्यांजवळ नेला. मागच्या महिन्यात भरत आलेल्या भेगा पुन्हा उललेल्या होत्या.

"आत्याबाई," ती म्हणाली, "गोळी बंद कधी केलीत?"

"कोण म्हणतं बंद केली?"

"तुमचा हात म्हणतो."

आत्याबाईंनी हात मागे ओढला. मग खिडकीबाहेर पाहिलं. शाळेत एवढी वर्षं त्यांनी खोटं पकडलं होतं. पकडलं जाण्याची सवय त्यांना नव्हती. "तीन आठवडे," त्या म्हणाल्या. "मंगळवारी मी आसपासच्या पोरांना घरी शिकवते. फुकट. सोमवारी गोळी घेतली की मंगळवारी शिकवताना पोटातून ढवळून येतं. गोळी सोडायच्या आधी एकदा एका पोराचं गणित बघता बघता उठून पळावं लागलं. पोरं घाबरली. याला सांगितलं तर हा रोज डोळ्यांत तेल घालून बसेल. म्हणून म्हटलं, राहू दे. तू विचारतेस ते मी बरोबर सांगते ना? मग झालं तर."

"सांगणं वेगळं, घेणं वेगळं."

"हो का? तुला काय कळणार! पत्रक वाचून मळमळ कळत नाही."

आणि तिच्या तोंडून भसकन निघून गेलं. "ती सकाळी दात घासतानाच सुरू होते. ब्रश तोंडात घातला की. चहाचा वास नको होतो. दुपारपर्यंत असं वाटतं की आपण कुणाचं तरी ओझं वाहतोय. संध्याकाळी पाचच्या सुमारास एकदम भूक लागते, तेव्हा कळतं, सुटलो." ती थांबली. "दिवस बदलता येतो, आत्याबाई. शनिवारी जेवण झाल्यावर घ्या, म्हणजे रविवार आरामात जाईल. त्यानंही कमी नाही झालं तर डॉक्टर मळमळीवर औषध देतात. एवढंच विचारायचं होतं. माझ्या ओळखीची एक मुलगी..."

"ती मुलगी तूच ना?"

तिनं डावी बाही मनगटावर ओढून घेतली.

"बाहेर एवढं उकडतंय," आत्याबाई म्हणाल्या, "आणि तुझ्या बाह्या मनगटापर्यंत. चौतीस वर्षं मी शाळेत होते, बाई. उन्हाळ्यात पूर्ण बाह्या घालून येणारं पोर काहीतरी झाकत असतं."

तिनं डावी बाही कोपरापर्यंत वर केली. किती वर्षांनी ती परक्या माणसासमोर बाही वर करत होती! आत्याबाईंनी आपला भेगाळलेला तळहात त्या चट्ट्यावर अलगद ठेवला. दोन्हीकडची कातडी सारखीच खरखरीत होती.

"गोळी घेतेस?"

"खणात आहे."

"वा ग वा! आणि मला शहाणपण शिकवतेस!" मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "त्याला सांगितलंस?"

"नाही. सांगितलं तर... मागे एकदा सांगितलं होतं मी. एकाला."

"तो घरी त्या मुलीबद्दलच बोलत असतो. जेवताना, दुकान उघडताना. ती मुलगी असं म्हणाली, त्या मुलीचं असं झालं. मला वाटलं, आता हा तिचं स्थळ विचारायला लावतो की काय." आत्याबाई उठल्या. कार्ड त्यांनी तसंच टेबलावर ठेवलं. "ऐक. शनिवारी जेवल्यावर मी गोळी घेणार. शनिवारी जेवल्यावर तू गोळी घेणार. आणि त्याच्या आधी तू दुकानात जाऊन त्याला सांगणार. मग करू सह्या. आता मला पुन्हा सांग. तुझ्या शब्दांत."

ती रडत होती की हसत होती, हे तिचं तिलाच कळत नव्हतं. पण तिनं पुन्हा सांगितलं. तीनही मुद्दे.

---

शनिवारी चार वाजता ती दुकानासमोर उभी होती. आत जावं की पुढची बस पकडावी? बस आली. बसमधली माणसं उतरली. बस गेली. मग ती पायरी चढली.

तो लेन्स पुसत होता. तिला पाहून त्याच्या हातातलं फडकं खाली पडलं. "या... या ना. तपासायचा नंबर?"

"तपासायचा."

त्यानं तिला उंच खुर्चीवर बसवलं, डोळ्यांवर जड चौकट ठेवली आणि एकेक काच आत सरकवू लागला. चौकट तिनं स्वतःच्या हातानं धरून ठेवली होती, कानांना टेकू न देता. त्यानं ते पाहिलं आणि पुढची काच उचलली.

"हे स्पष्ट, की हे?"

"पहिलं."

"आता? हे... की हे?"

"दुसरं."

"मी दिसतो का?"

"पाटीवरची अक्षरं विचारायची असतात ना?"

"अक्षरं कुठं पळून जाणार आहेत? मी दिसतो का ते सांगा."

ती हसली आणि मग हसता हसताच गप्प झाली. कारण काच बरोबर बसली होती आणि तो दिसत होता. डाव्या भुवईत एक बारीक तुटक रेघ होती. चार महिन्यांत ती तिला कधी दिसलीच नव्हती.

त्यानं जड चौकट उतरवून ठेवली आणि एक हलकी फ्रेम काढली. "ही घालून बघू. काडी किती वाकवायची ते कानामागे बघावं लागेल. मी..." त्यानं हात पुढे केला आणि तिच्या केसांपासून वीतभर अंतरावर थांबवला. "चालेल?"

तिनं त्याचं मनगट धरलं.

"आधी मला काही सांगायचंय. सगळं सांगून होईपर्यंत मधे बोलायचं नाही."

"प्रश्न शेवटी," तो म्हणाला.

"माझ्या ओळखीची एक मुलगी..." ती थांबली. मान हलवली. "नाही. मला. मला हा आजार अकरा वर्षं आहे. कानामागे आहे, कोपरांवर आहे, आता मनगटाकडे येतोय. संसर्गाचा नाही. पण कायमचा आहे. मधे मधे जातो आणि परत येतो. मूड बिघडला की वाढतो, कधी कधी काही कारण नसताना वाढतो. उशीवर, काळ्या कपड्यांवर कोंडा पडतो. आज जेवल्यावर मी आठवड्याची गोळी घेणार आहे. उद्या मी कुणाच्या कामाची नसेन. दर काही आठवड्यांनी रक्त तपासावं लागेल. गोळी चालू असताना मूल नाही. हवं असेल तर आधी थांबवायची, डॉक्टर सांगतील तितके महिने वाट बघायची, आणि त्या महिन्यांत आजार डोकं वर काढू शकतो. मुलालाही पुढे होऊ शकतो. होईलच असं नाही... पण होऊ शकतो." तिनं श्वास घेतला. "आणि शेवटचं. कुणाला हे जमणार नसेल, तर त्यानं आत्ताच जावं. घरून फोन करायला लावू नये."

तिनं त्याचं मनगट सोडलं. दोन्ही हात काउंटरवर ठेवले, तिच्या टेबलावर ठेवायची तसेच.

"आता... मला पुन्हा सांगा. तुमच्या शब्दांत."

बाहेर कुणीतरी काचेवर टकटक केली. रोजचे आजोबा होते. त्यानं वळून न बघता हातानंच 'पाच मिनिटं' अशी खूण केली.

"एक," तो म्हणाला. "तुला हा आजार आहे, हे मला तीन महिन्यांपूर्वीच कळलं होतं."

"हा मुद्दा मी सांगितलाच नव्हता!"

"माझ्या शब्दांत सांगायचं ना? चष्मेवाल्याला माणसांचे आधी कान दिसतात. चार महिन्यांत तू एकदाही केस कानामागे सारले नाहीस. वारा सुटला तेव्हासुद्धा नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"पेशंटनं स्वतःच्या तोंडून सांगायचं असतं. नियम तुझाच आहे." त्यानं घसा साफ केला. "दोन. आजार राहणार. म्हणजे आपल्याकडे कायमचा पाहुणा. असू दे, आत्याही आहेच. तीन. उशीचे अभ्रे पांढरे घ्यायचे. चार. रविवारी सकाळी तुझ्या आसपास चहा करायचा नाही, बोलायचंही बेतानं. संध्याकाळी पाचला मात्र जेवण तयार हवं. हे आत्यानं सांगितलं. पाच. रक्ततपासणीला मी येणार, तसाही मी रुग्णालयाच्या बाकावर पडीकच असतो. सहा. मूल..." इथं त्याचे कान पहिल्या दिवशीसारखे लाल झाले. "मूल हवं की नको, कधी, ते दोघांनी आणि डॉक्टरांनी मिळून ठरवायचं. त्याला पुढे झालाच, तर त्याला समजावून सांगायला आई आहे. तिच्यासारखं कुणी समजावून सांगत नाही."

तो थांबला. ती वाट बघत राहिली.

"एक राहिला," ती अगदी हळू म्हणाली. "शेवटचा."

"कुठला?"

"जायचं असेल तर... आत्ताच जायचं."

"हां, तो." त्यानं डोकं खाजवलं. "तो काही मला समजला नाही. कितीही वेळा सांगितलास तरी समजणार नाही. तेव्हा सही द्यायची की नाही, ते तू ठरव."

तिच्या डोळ्यांत पाणी भरलं आणि आधीच धूसर असलेलं जग आणखी धूसर झालं. दोन्ही हातांनी तिनं कानांवरचे केस मागे सारले. चार वर्षांत पहिल्यांदा, भर उजेडात, रस्त्याकडे काच असलेल्या दुकानात.

त्यानं फ्रेमच्या काड्या जराशा गरम केल्या, वाकवल्या, टोकांवर मऊ आवरणं चढवली. "घासलं की चट्टा वाढतो," तो पुटपुटला, "आत्याच्या चष्म्याला पण हीच लावलीत." मग वाकून त्यानं फ्रेम तिच्या कानांवर बसवली. त्याची बोटं त्या लाल, खरखरीत जागेपाशी क्षणभर थांबली, घाईनं मागे सरकली नाहीत.

"दुखतंय?"

"नाही."

"टोचतंय कुठं?"

"नाही."

"मग रडतेस का?"

"माप बरोबर बसलंय म्हणून," ती म्हणाली. काचेबाहेरचे आजोबा खुशाल आत बघत उभे होते.

त्या संध्याकाळी जेवण झाल्यावर तिनं ते पाकीट फोडलं. पाण्याबरोबर गोळी गिळली आणि कॅलेंडरवर शनिवारच्या चौकटीत खूण केली. तेवढ्यात फोन वाजला. आत्याबाई होत्या. "घेतली," त्या म्हणाल्या. "तू?"

"मीही घेतली."

"शाब्बास. आणि हे बघ, हा इथं आत्ताच विचारतोय, उद्या पाचला जेवायला काय करायचं."

मागून त्याचा आवाज आला. ऐकू आलं तरी ती म्हणाली, "नीट ऐकू आलं नाही."

तो फोनजवळ आला. "पुन्हा..." एवढंच म्हणाला आणि थांबला. ते तिचं नाव होतं, हे तिला कळायला एक क्षण लागला. मग तिनं ओ दिली.